कुंजपक्ष्याचा फोटो आणि चित्र: मांडणी न हलवता, मादीच्या जागेवरून

बॉवरबर्ड, म्हणजेच कुंजपक्षी, फक्त ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत आढळतात. त्यांच्या साधारण वीस जाती आहेत. बहुतेक जातींचा नर जमिनीवर काटक्यांचा कुंज उभा करतो, समोरचं अंगण साफ ठेवतो आणि त्यात फुलं, फळं, पिसं, गोगलगाईंचे शंख, हाडं असं काय काय मांडतो. मादी येते, कुंजात उभी राहून सगळं न्याहाळते. तिला नर पसंत पडला तर मीलन तिथेच होतं आणि ती निघून जाते. घरटं ती दुसरीकडे, झाडावर, एकटीच बांधते. पिल्लांच्या संगोपनात नराचा काहीच वाटा नसतो. त्याची सगळी ताकद कुंज आणि त्याची सजावट यातच जाते.

तरीही या पक्ष्याचे बहुतेक फोटो फांदीवर बसलेल्या नराचे असतात, मागे हिरवा धूसर पडदा. फोटो देखणा असतो, पण कुंजपक्ष्याबद्दल त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. माझं म्हणणं असं, की इथे मांडणी पक्ष्याने आधीच केलेली आहे आणि ती कुठून बघायची हेही त्याने ठरवलेलं आहे. ती जागा ओळखायची, तिथून बघायचं आणि एक काडीही हलवायची नाही, एवढं फोटो काढणाऱ्याचं आणि चित्रकाराचं काम. पुढची प्रत्येक पायरी याच धोरणाने लिहिली आहे.

जात, जागा आणि महिना

पहिल्यांदा जाणाऱ्याने सॅटिन बॉवरबर्ड निवडावा. प्रौढ नर निळसर झाक असलेला चकचकीत काळा, डोळे जांभळट निळे, चोच फिकट निळसर आणि टोकाला पिवळट-हिरवी. मादी वरून हिरवट, खालून फिकट आणि त्यावर खवल्यांसारखी गडद नक्षी. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला असलेलं लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान ही या जातीसाठी उत्तम जागा. १९१५ मध्ये राखीव झालेलं हे वर्षावन आज गोंडवाना वर्षावनांच्या जागतिक वारशात मोडतं. तिथल्या ग्रीन माउंटन्स भागात सॅटिन आणि काळा-सोनेरी रीजंट असे दोन्ही कुंजपक्षी माणसांना सरावलेले आहेत. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये आणि कॅनबेराच्या बागांतही सॅटिन दिसतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांपैकी काहींच्या परसातही तो हिवाळ्यात फळं खायला येत असेल.

हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, म्हणजे आपल्या गणपतीपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत. तिकडे तेव्हा वसंत सरून उन्हाळा लागतो. नर वर्षाचा बराच काळ कुंजाची डागडुजी करत असतो, पण माद्यांच्या भेटी याच महिन्यांत होतात.

वर्षावनाच्या अंधारात काम करायचं नसेल तर उत्तर ऑस्ट्रेलियातला ग्रेट बॉवरबर्ड घ्या. टाउन्सव्हिल आणि डार्विन या शहरांत तो झुडपांखाली, माणसांच्या वर्दळीजवळ कुंज बांधतो. वाळवंटी भागात अॅलिस स्प्रिंग्जच्या ऑलिव्ह पिंक वनस्पती उद्यानात वेस्टर्न बॉवरबर्डचा कुंज बघायला मिळतो. सोनेरी गोल्डन बॉवरबर्ड मात्र अॅथरटन पठाराच्या उंच, ढगाळ जंगलातला. तो रोपट्यांभोवती काटक्यांचे मनोरे रचतो आणि ते माणसाच्या उंचीपेक्षाही वर जाऊ शकतात. ती दुसऱ्या फेरीची गोष्ट.

सामान भरताना एक काळजी घ्या. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. मातीने माखलेले बूट, तंबू, बिया, धान्य, दुधाचे पदार्थ हे सगळं आधी जाहीर करावं लागतं. आपल्याकडे बीन बॅगेत, म्हणजे लेन्स टेकवायच्या पिशवीत, तूरडाळ किंवा राजमा भरून नेण्याची पद्धत आहे. तसं करू नका. पिशवी रिकामी न्या आणि तिकडच्या दुकानातून तांदूळ घेऊन भरा. बूट घासूनपुसून न्या. दिवाळीच्या सुमारास निघणार असाल तर फराळाचे डबेही याच नियमात येतात.

आधी इथेच सराव

सॅटिन नराचा फोटो अवघड असतो, कारण पक्षी काळा, पण त्या काळ्यात निळं आहे आणि तेही कोनावर अवलंबून. हा निळा पिसातल्या रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या सूक्ष्म शाखांवर केराटिनचा पातळ थर असतो, त्याखाली मेलॅनिनचा गडद थर आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातून निळा दिसतो. उजेड बाजूला सरकला की पक्षी साधा काळा. आपला कोतवाल आणि विणीच्या हंगामातला जांभळा शिंजीर नेमकी हीच परीक्षा घेतात. विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल सकाळी, दुपारी आणि ढगाळ हवेत टिपून बघा. शेपटीतली निळी झाक कोणत्या उजेडात टिकते आणि कोणत्या उजेडात जळून पांढरी पडते, हे दोन-चार सकाळींत डोळ्यांत बसतं.

दुसरा सराव अंधाराचा. कर्नाळा, गोव्यातलं मोले किंवा आंबोलीची दाट राई, जिथे जमेल तिथे जमिनीवर वावरणारे पक्षी टिपा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ३२०० ते ६४०० वर तुमचा कॅमेरा किती दाणेदार फोटो देतो आणि तो तुम्हाला चालतो का, हे घरीच कळलेलं बरं. आंबोलीच्या जळवांची सवय असेल तर लॅमिंग्टनच्या जळवा काही नवीन नाहीत. तिथल्या गोचिडांची मात्र दक्षता घ्या, रोज संध्याकाळी अंग तपासा.

कुंज सापडल्यावर: आधी वाचा, मग कॅमेरा

कुंज शोधायला कान लागतो. नराच्या घरघरीच्या, यंत्रासारख्या आवाजाचा माग घ्या आणि वर्षावनाच्या कडेला, झुडपांखाली, नेच्यांच्या आडोशाला जमिनीवर नजर ठेवा. त्याहून बरा उपाय म्हणजे स्थानिक मार्गदर्शक. आडवाटेने तुडवत फिरण्यापेक्षा आधीच माहीत असलेल्या कुंजावर जाणं पक्ष्यासाठीही सोयीचं. उद्यानात आडोसा उभारायचा असेल किंवा फोटो विकायचे असतील तर परवान्याबद्दल तिथल्या कार्यालयात आधी विचारा.

कुंज दिसला की आठ-दहा मीटरवर थांबा, दुर्बीण काढा आणि वहीत नकाशा करा. सॅटिनचा कुंज म्हणजे काटक्यांच्या दोन समांतर भिंती, उंची साधारण एक फूट, मध्ये एका पक्ष्यापुरती वाट. ही वाट बहुधा उत्तर-दक्षिण असते. उत्तरेच्या तोंडाशी पिवळ्या काड्या आणि पानं पसरलेला मंच असतो. नर तिथे नाचतो, मादी वाटेत उभी राहून त्याच्याकडे बघते. होकायंत्र लावून वाटेची दिशा नोंदवा, मंच कोणत्या तोंडाशी आहे ते नोंदवा. दक्षिण गोलार्धात या अक्षांशावर दुपारचा सूर्य बाराही महिने उत्तरेकडे असतो, हे भारतातून जाणारा माणूस हमखास विसरतो आणि उजेडाचा सगळा हिशेब उलटा होतो.

मग सजावट वाचा. निळा रंग सगळ्यांत आधी दिसेल: रोझेला पोपटांची पिसं, निळी फुलं आणि माणसांच्या वस्तीजवळ बाटल्यांची झाकणं, पेनांची टोपणं, कपड्यांचे चिमटे, सरबताच्या नळ्या. पिवळट पानं, गोगलगाईंचे शंख आणि सिकाडा नावाच्या किरकिरणाऱ्या कीटकांनी टाकलेल्या कातीही सापडतात. भिंतींच्या आतल्या काटक्यांवर गडद लेप असतो. नर वनस्पती चघळून तो लगदा लाळेसह चोचीने लावतो. प्रत्येक गोष्ट कुठे आहे ते नकाशावर खुणेने दाखवा. दुसऱ्या दिवशी हाच नकाशा पुढ्यात ठेवला की रात्रीत काय चोरीला गेलं हे कळतं. शेजारचे नर एकमेकांची सजावट पळवतात आणि संधी मिळाली तर कुंजही मोडून टाकतात. त्यामुळे आज उभा असलेला कुंज उद्या असेलच याची खात्री नाही. ज्या दिवशी उजेड बरा असेल त्या दिवशी काम उरका.

आता स्पर्शाचा प्रश्न. फोटोत आडवी येणारी एक काडी बाजूला केली तर काय बिघडतं, असं वाटतं. नराला प्रत्येक वस्तूची जागा ठाऊक असते. हललेली वस्तू परत आणण्यात त्याचा वेळ जातो आणि तेवढ्यात मादी आली तर ती संधी हुकते. निळी वस्तू उचलून नराला कॅमेऱ्यासमोर बोलावण्याची युक्ती काही जण वापरतात. मला ती सरळ फसवणूक वाटते, पक्ष्याशीही आणि फोटो बघणाऱ्याशीही. ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीवांच्या कामात ढवळाढवळ करायला बंदीही आहे. निळं प्लॅस्टिक भेट म्हणून टाकणं तर घातक. दुधाच्या बाटलीच्या झाकणाखालची निळी कडी पक्ष्याच्या मानेत अडकून जीव जाऊ शकतो. म्हणून तिथे राहणारी माणसं कडी कचऱ्यात टाकण्याआधी कापतात. तुमच्याजवळची निळी टोपणं, निळे पट्टे, लेन्सचं झाकण, सगळं खिशात किंवा बंद पिशवीत ठेवा.

कॅमेऱ्याच्या तीन जागा

पहिली जागा कुंजाच्या बाजूला, वाटेला काटकोनात, सात-दहा मीटरवर. ३०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स, बीन बॅग आणि तुम्ही पोटावर झोपलेले. लेन्सची उंची जमिनीपासून जेमतेम वीतभर हवी. उभं राहून काढलेल्या फोटोत भिंतींची उंचीच हरवते आणि कुंज कचऱ्याच्या ढिगासारखा दिसतो. बाजूच्या जागेवरून नर, मंच आणि भिंती एका चौकटीत येतात. पहिला पूर्ण दिवस इथेच घालवा.

दुसरी जागा माझ्या मते सगळ्यांत मोलाची. दक्षिणेच्या तोंडामागे आठ-दहा मीटरवर, जमिनीलगत, वाटेच्या अगदी सरळ रेषेत. इथून लांब लेन्समध्ये दोन्ही भिंतींमधून पलीकडचा मंच दिसतो. मादी कुंजात आली की तिची पाठ चौकटीत येते आणि तिच्या पलीकडे नाचणारा नर. तिला जे दिसतं ते तुम्हाला दिसतं आणि त्यासाठी कुंजाच्या जवळही जावं लागत नाही. रेषा बोटभर जरी चुकली तरी एक भिंत सगळं झाकते, म्हणून जागा ठरवायला वेळ द्या. इथे तुम्ही उत्तरेकडे, म्हणजे सूर्याकडे तोंड करून असता. ढगाळ दिवस किंवा सकाळचा तिरपा उजेड निवडा, नाहीतर नर नुसता काळा आकार उरतो.

तिसरी जागा दुरून चालवायच्या कॅमेऱ्याची. २४ मिलिमीटरच्या आसपासची रुंद लेन्स, छोटी तिपाई, कुंजापासून सव्वा-दीड मीटर बाजूला. नर खायला गेलेला असताना पाच मिनिटांत लावून दूर व्हा. वाटेच्या दोन्ही तोंडांसमोर काहीही ठेवायचं नाही. शटर पूर्ण मूक हवा, कारण या पक्ष्याचं आवाजाकडे बारीक लक्ष असतं. नाचताना सॅटिन नर कूकाबुरासारख्या इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. अर्ध्या तासात नर परतला नाही किंवा परतून कॅमेऱ्याभोवतीच घुटमळत राहिला तर कॅमेरा काढून घ्या आणि त्या कुंजावर तिसरी जागा सोडून द्या. बिनपक्ष्याच्या कुंजाचा सविस्तर फोटो हवा असेल तर एफ ८ ते ११, कमी आयएसओ आणि पुढून मागे फोकस सरकवत काढलेले आठ-दहा फोटो नंतर जोडा.

उजेड आणि एक्स्पोजर

काळ्या पक्ष्याने चौकट व्यापली असेल तर कॅमेरा फोटो उजळ करायला बघतो. उणे एक ते दीड स्टॉपची दुरुस्ती द्या, म्हणजे फोटो तेवढा गडद ठेवा. पक्षी लहान आणि मागे उजळ झाडी असेल तर ही दुरुस्ती उलटी पडते, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघत राहा. तोही तिन्ही रंगांचा वेगळा. निळी झाक आधी निळ्या पट्टीत जळते, एकत्रित आलेखात ते कळतही नाही. मंचावरच्या पिवळ्या काड्या पक्ष्यापेक्षा कितीतरी उजळ असतात. त्या जळू द्यायच्या नाहीत आणि सावल्या नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून, वर काढायच्या.

शटर १/५०० च्या खाली आणू नका. नाचात पंख झपकन उघडतात. नर नुसता सजावट मांडत असेल तर १/१६० पुरतो. पानांच्या छताखाली सगळ्यावर हिरवी छटा येते, म्हणून सुरुवातीला त्याच सावलीत तुमच्या जागेवर करडं कार्ड (रंग जुळवायचा तटस्थ करडा तुकडा) धरून एक फोटो काढून ठेवा. चित्रकाराला हा एक फोटो सोन्याच्या मोलाचा. सरळ फ्लॅश मी सुचवणार नाही. चकचकीत पिसांवर त्याचा कडक पांढरा डाग पडतो, निळं मरतं आणि पक्षीही बिचकतो.

कशाची वाट बघायची

नर चोचीत निळी वस्तू धरून मंचावर येतो, अंग ताठ करतो, डोळे अधिक बाहेर आल्यासारखे दिसतात, मग पंख फडकावत आवाज करत धावतो. मादी वाटेत हळूहळू खाली बसू लागते. हे बसणं फोटोत यायला हवं, कारण नर त्याकडे बघूनच पुढचं ठरवतो. संशोधक गेल पॅट्रिसेली आणि सहकाऱ्यांनी यंत्राची मादी कुंजात ठेवून २००२ मध्ये हे दाखवून दिलं: मादी दचकली तर शहाणा नर नाचाचा जोर कमी करतो. नर आवेशात असताना मादी ताठ उभी आहे की बसती झाली आहे, हे एका चौकटीत आलं तर तो फोटो अभ्यासकालाही उपयोगी पडतो.

हिरव्या पक्ष्यांबाबत सावध राहा. नराला पूर्ण काळी पिसं यायला सुमारे सात वर्षं लागतात. तोवर तो मादीसारखाच हिरवा असतो, डोळेही तसेच निळे. तरुण नर कच्चे कुंज बांधून सराव करतात, प्रौढाच्या कुंजात डोकावतात, कुणी मादीच्या जागी उभा राहून दुसऱ्याचा नाच बघतो. त्यामुळे कुंजात हिरवा पक्षी दिसला की मादी असं लिहून टाकू नका. मीलन पाहिलं नसेल तर मथळ्यात ‘हिरव्या पिसाऱ्यातला पक्षी’ लिहा. घरट्यावर मात्र जाऊ नका, फोटोसाठीही आणि ओळख पटवण्यासाठीही.

ग्रेट बॉवरबर्डच्या अंगणात दृष्टी फसते

ही गोष्ट चित्रकारांनी नीट समजून घ्यावी. ग्रेट बॉवरबर्ड करड्या-पांढऱ्या वस्तू जमवतो: हाडं, शंख, दगड. त्या पसरताना क्रम पाळतो. कुंजाच्या तोंडाजवळ लहान, लांब जावं तशा मोठ्या. संशोधक जॉन एंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हा क्रम मोजून मांडला. त्यांनी वस्तू उलट्या क्रमाने ठेवून पाहिल्या तेव्हा नरांनी तीन दिवसांतच मूळ क्रम पुन्हा आणायला सुरुवात केली. वाटेत उभ्या मादीला जवळच्या लहान आणि लांबच्या मोठ्या वस्तू जवळजवळ सारख्या आकाराच्या दिसतात, अंगण एकसारखं सपाट भासतं. त्या पार्श्वभूमीवर नर कडेने डोकावतो, रंगीत वस्तू उडवतो, मानेवरचा गुलाबी-जांभळा तुरा फुलवतो. ज्यांचा हा भास अधिक नेटका असतो त्या नरांना मीलनात अधिक यश मिळतं, हे लॉरा केली आणि एंडलर यांनी २०१२ मध्ये दाखवलं.

आता कागद-पेन्सिल घेऊन विचार करा. जमीन काढताना हात आपोआप जवळचे दगड मोठे आणि लांबचे लहान काढतो, आपण परिप्रेक्ष्य तसंच शिकलेलो असतो. कुंजाच्या आतून दिसणारं दृश्य काढताना तोच हात चूक करतो. तिथे जवळचा आणि लांबचा खडा कागदावर जवळपास एकाच मापाचा यायला हवा. उलट बाजूने, अंगणाच्या बाहेरच्या टोकाकडून कुंजाकडे बघितलं तर जवळ मोठ्या वस्तू, लांब लहान, म्हणजे खोली आहे त्याहून जास्त वाटते. रुंद लेन्स ती आणखी ताणते. दोन्ही बाजूंनी एकेक फोटो घ्या आणि चित्र कोणत्या बाजूचं आहे हे आधीच ठरवा. कल्पनेने खडे पसरले की पक्ष्याने केलेलं सगळं काम पुसलं जातं.

वहीतल्या नोंदी

इंग्रज पक्षीअभ्यासक जॉन गूल्ड आणि त्याची चित्रकार पत्नी एलिझाबेथ १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले. कुंजांचं वर्णन युरोपपर्यंत पोहोचवण्यात गूल्डचा मोठा वाटा. एलिझाबेथ १८४१ मध्ये वारली आणि ‘बर्ड्स ऑफ ऑस्ट्रेलिया’ची बहुतेक चित्रं हेन्री कॉन्स्टंटाइन रिक्टरने केली. रिक्टरने ऑस्ट्रेलियात पाऊलही टाकलं नव्हतं. त्याच्यापुढे कातडी, रेखाटनं आणि नोंदी होत्या. तुमच्या नोंदी अशाच असाव्यात, की जंगल न पाहिलेल्या माणसाने त्यावरून चित्र करावं. इटालियन निसर्गअभ्यासक ओडोआर्दो बेक्कारीला १८७० च्या दशकात न्यू गिनीच्या अरफाक डोंगरात व्होगेलकॉप बॉवरबर्डचा झोपडीसारखा कुंज दिसला, तेव्हा त्याने तिथल्या तिथे रंगीत रेखाटन केलं. पक्षी साधा तपकिरी, पण झोपडीसमोर शेवाळाचं अंगण आणि त्यावर रंगांनुसार फुलाफळांचे ढीग. कॅमेरा असतानाही जागेवर रंग लावून बघण्याला पर्याय नाही.

वहीत हे असू द्या: कुंजाचा वरून नकाशा, बाजूने छायाकृती, नराच्या सात-आठ ठेवणींची काही सेकंदांत काढलेली रेखाटनं, चोच-पाय-डोळ्याचे जलरंगाचे ठिपके त्याच सावलीत लावून जुळवलेले. मोजपट्टी कुंजाला लावायची नाही. नराची लांबी साधारण ३० सेंटिमीटर धरून भिंतीची उंची आणि वाटेची रुंदी त्या प्रमाणात लिहा. जागाही नेमकी लिहा. व्होगेलकॉप पक्षी अरफाकमध्ये रंगीबेरंगी सजावटीची झोपडी बांधतो, तर फकफक आणि कुमावा डोंगरांत झोपडीविना मनोरा आणि मंद रंगांच्या वस्तू. शास्त्रज्ञ जॅरेड डायमंडने हा फरक नोंदवला आहे. एका डोंगरातला कुंज दुसऱ्या डोंगरातल्या पक्ष्याच्या चित्रात घातला तर ते चित्र खोटं.

रंगवताना

३०० जीएसएमचा खरबरीत जलरंग कागद घ्या. आधी कुंजाची वाट काढा, म्हणजे दोन भिंतींमधली रिकामी जागा. भिंतींतल्या काटक्या वर जाताना आत झुकतात आणि ती कमान रिकाम्या जागेच्या आकारातच पकडता येते. मग भिंतीचा गडद गाभा एका सैल वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरात, टाका आणि त्यावर मोजक्याच काटक्या स्पष्ट करा. प्रत्येक काडी काढत बसलात तर भिंत जाळीसारखी दिसते आणि पक्ष्यावरची नजर उडते. आतल्या बाजूला लेपाची काळपट छटा विसरू नका.

नरासाठी काळ्या रंगाची ट्यूब उघडू नका. पहिला हात अल्ट्रामरिनचा पातळ, जिथे उजेड लागतो तिथे कागद कोरा सोडून. तो पूर्ण सुकला की इंडिगो आणि बर्न्ट अंबरचं मिश्रण, पिसांच्या दिशेने, पुन्हा सुकवून पुन्हा. तीन-चार पातळ हातांत काळा तयार होतो आणि खालचा निळा त्यातून डोकावत राहतो. झाक सगळ्या अंगावर समान पसरवायची नाही. करड्या कार्डाच्या फोटोशी जुळवून बघा, ज्या पिसांचा कोन उजेडाला लागतो तेवढीच निळी. असा रचनेतून येणारा निळा रुद्राक्षाच्या पिकलेल्या फळातही असतो. ते मिळालं तर टेबलावर फिरवत आधी त्यावर हात बसवा. डोळा शेवटी: अल्ट्रामरिनमध्ये थोडा जांभळा, मोठी बाहुली आणि एकच बारीक उजेडाचा ठिपका. हिरव्या पक्ष्याच्या छातीवरची खवल्यांची नक्षी अंगाच्या गोलाईने वळवा, सरळ ओळीत ठेवली तर पक्षी सपाट होतो.

सजावटीतली प्रत्येक वस्तू ओळखता यायला हवी. पोपटाचं पीस कोणत्या पोपटाचं, शंख कोणत्या आकाराचा, हे नोंदीतून घ्या. प्लॅस्टिकची झाकणंही काढा. फोटोतून ती पुसणारे आणि चित्रातून गाळणारे पुष्कळ भेटतील. पण त्या कुंजात ती होती, नराने ती निवडली होती आणि पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला आपल्या काळातल्या कुंजाची खरी नोंद त्यातूनच मिळेल.

मथळा आणि जागेची गुप्तता

फोटो किंवा चित्र प्रसिद्ध करताना मथळ्यात जात, महिना, पिसाऱ्याची अवस्था, मंचाची दिशा आणि सजावटीतल्या वस्तूंची यादी द्या. जागा उद्यानाच्या किंवा तालुक्याएवढ्या भागाच्या नावापर्यंतच सांगा. फाइलमध्ये जीपीएसची नोंद दडलेली असते, ती काढून टाका, कारण एकाच कुंजावर माणसांची रांग लागली तर माद्या यायच्या थांबतात. चित्र फोटोवरून केलं असेल तर तसं लिहा, दोन दिवसांची दृश्यं एकत्र केली असतील तर तेही. मूळ वही, रॉ फाइल आणि कुंजाचा नकाशा एकाच तारखेच्या नावाने एकत्र ठेवा. पुढच्या हंगामात कुणी त्याच कुंजावर गेलं तर भिंती, मंच आणि निळ्या वस्तू यांची तुलना या तीन गोष्टींवरूनच करता येते.